ओळख मुरुडशेंगेची

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी एका रानझुडपावर लेख द्यावा, याचे संपादक मंडळाला प्रथम थोडे आश्चर्य वाटले असावे. लसीकरण, बालदमा किंवा मुलांमधील वाढती स्थूलता, असा एखादा विषय माझ्याकडून अपेक्षित असतो. परंतु ज्या झुडपाविषयी मी लिहीत आहे, त्याच्याशी माझा संबंध व्यवसायानिमित्तच आला. आणि त्यातली पहिली काही वर्षे तर मी त्याला एकदाही न पाहता त्याच्याशी भांडत होतो.

मुरुडशेंग हे नाव ठाऊक नाही असे जुन्या वळणाचे मराठी घर विरळाच. बाळघुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, अतिविष, काकडशिंगी या मंडळींच्या शेजारी ती पडलेली असते : बोटाच्या दोन पेरांएवढी, काळपट तपकिरी, दोरखंडासारखा घट्ट पीळ घातलेली. लहानपणी आजीच्या डब्यातली ही वस्तू मला सुताराने लाकडातून काढलेला स्क्रू वाटत असे. ती झाडावर वाढत असेल, तिच्या आधी तिथे फूल उमलत असेल, हा विचार मनाला शिवला नव्हता. वैद्यकाचे शिक्षण पूर्ण झाल्यावरही तो शिवला नाही.

१९९७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एम. डी. होऊन बेळगावात स्वतःचा दवाखाना थाटून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून अडीच महिन्यांचे मूल जुलाबाने मलूल झालेल्या अवस्थेत आले. टाळू खोल गेलेली, डोळे ओढलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होणारी. शिरेतून सलाईन सुरू केले. दुपारी मुलाने लघवी केली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आल्यावर राग आला. चौकशीअंती कळले की मूल अंगावर पीत होते. वरचे दूध नव्हते, बाटली नव्हती. पण रोज सकाळी घुटी होती, आणि ती उगाळण्याचे पाणी ऐन पावसाळ्यातल्या गढूळ विहिरीचे होते, तेही न उकळलेले. मी आजीला व्हरांड्यात, चार लोकांसमक्ष बोललो. हा कचरा बाळाच्या तोंडात कशाला घालता, असे काहीसे ते बोलणे होते. त्या माउलीने कनवटीची चंची सोडली, तिच्यातून एक मुरुडशेंग काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारले, "डॉक्टर, ह्येचं झाड तुमी कधी बगितल्यासा काय?"

मी पाहिले नव्हते. ती शेंग झाडाला लागते की वेलाला, हेदेखील मला ठाऊक नव्हते. पाण्याविषयीचे माझे म्हणणे खरे होते, आणि आजही मी त्यातले एक अक्षर मागे घेणार नाही. पण ज्या वस्तूविरुद्ध मी दिवसातून चार वेळा भाषण करीत होतो, तिच्याबद्दल माझे ज्ञान शून्य होते, हेही तितकेच खरे होते. मूल चौथ्या दिवशी घरी गेले. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

पुढल्या फेब्रुवारीत तेच मूल गोवराच्या लसीसाठी आले. गुटगुटीत झाले होते. मी आपण होऊन विषय काढला, तेव्हा मुलाच्या वडिलांनी रविवारी गावी येण्याचे आमंत्रण दिले. गंमत अशी की 'मुरुडशेंगेचे झाड' म्हटल्यावर त्यांना क्षणभर बोध होईना. शेंग टेबलावर ठेवल्यावर ते हसून म्हणाले, "हां, केवण!" त्यांच्या लेखी ते झुडूप शेंगेचे नव्हतेच. ते होते दोरीचे. केवणीच्या सरळ फोकांची साल सोलायची, तिचा वाख काढायचा आणि जळणाचे, गवताचे भारे बांधायचे. दुकानात ती मुरुडशेंग, रानात ती केवण. आणि दोन्ही नावे एकाच झुडपाची आहेत, हे शहरातल्या माणसाला सांगणारे कोणी नाही. वनस्पतीची ओळख पटवताना पहिली अडचण ही अशी नावाची असते.

त्या रविवारी जांबोटीच्या वाटेवर, गावाबाहेरच्या जांभ्या दगडाच्या उतारावर, मला ते झुडूप प्रथम दिसले. दिसले म्हणजे त्याचा सांगाडा दिसला. पाने जवळजवळ झडून गेलेली, पुरुषभर उंचीचे करड्या रंगाचे लवचिक फोक आणि त्यांवर वाळून काळ्या पडलेल्या पिळदार शेंगा. काही शेंगांची टोके उकलली होती. पीळ सैल होऊन आतले बी केव्हाच सांडून गेले होते. ज्यांना ओळख पटवून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग हवा असेल, त्यांनी माघ-फाल्गुनात रानाच्या कडेने हिंडावे. निष्पर्ण झुडपावर पिळाच्या शेंगा दिसल्या की निदान पक्के. आपल्या रानांत दुसऱ्या कोणत्याही झुडपाला अशी फळे लागत नाहीत. आपल्या परिभाषेत सांगायचे तर कोपलिक डाग दिसल्यावर गोवराबद्दल शंका उरू नये, तसे हे आहे.

अडचण येते ती पावसाळ्यात, पाने भरपूर आणि फूल-फळ नाही अशा काळात. पान साधारण वितीहून लहान, रुंद, देठाशी हृदयाकार. पण त्या हृदयाच्या दोन पाळ्या सारख्या नसतात, एक बाजू किंचित खाली उतरलेली असते. कडा अनियमित दातेरी. पुष्कळदा पान टोकाकडे अधिक रुंद होते आणि मग एकदम निमुळत्या टोकात संपते. देठ आखूड. तळापासून पाच-सात मुख्य शिरा पंजासारख्या निघतात. वरचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो, खालचा लवदार आणि फिकट. भिंगाखाली पाहिले तर ही लव एकेरी केसांची नसून चांदणीसारख्या फुटलेल्या केसांची असते. इतके सगळे पाहूनही ठाम निदान करू नये, कारण फालसा, धामण ही मंडळी जवळपास असेच पान घेऊन उभी असतात. त्यांच्याही पानाचा तळ तिरपा, कडा दातेरी, आणि सालीला वाख. पानावरून संशय घ्यावा. खात्री फुला-फळावरच करावी.

हे मी स्वानुभवाने सांगतो आहे. झुडूप पाहून आल्यावर ते घरी लावण्याचा मोह झाला आणि मी घाई केली. एका रोपवाटिकेत चौकशी केली, तर तिथल्या गृहस्थांनी लगेच मान डोलावली आणि दातेरी पानांचे एक टवटवीत रोप हाती दिले. मी ते बंगल्याच्या मागच्या बाजूला मोठ्या प्रेमाने वाढवले. खत घातले, उन्हाळ्यात पाणी घातले, येणाऱ्याजाणाऱ्या सहकाऱ्यांना 'ही आपली घुटीतली मुरुडशेंग' म्हणून दाखवले. तिसऱ्या वर्षी त्याला फुले आली. पिवळी. नंतर वाटाण्याएवढी जांभळट फळे आली, ती मुलांनी खाल्ली आणि उरलेल्यांचे सौभाग्यवतींनी सरबत केले. फालसा होता तो. सरबत उत्तम झाले होते. पण ज्या सहकाऱ्यांना मी ते झाड दाखवले होते, त्यांतले एक स्त्रीरोगतज्ज्ञ मित्र अजूनही सभेत भेटले की 'मुरुडशेंगेचे सरबत' मागतात.

खरे फूल मी आधीच, त्या पहिल्या भेटीच्याच वर्षी भाद्रपदात, त्याच उतारावर पाहिले होते. तेव्हा ते नीट लक्षात ठेवले असते तर वरील फजितीचा शेवट तरी लवकर झाला असता. मुरुडशेंगेला आपल्या भागात श्रावणापासून बहर येऊ लागतो आणि तो दिवाळीपर्यंत, कधी त्याहीपुढे रेंगाळतो. फुले पानांच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-चारच्या झुबक्यात येतात. रंग विटकरी लाल, केशरी छटा असलेला. आकार मात्र आपल्या ओळखीच्या कोणत्याही फुलासारखा नाही. तळाशी नळीसारखा संदलपुट; त्यातून पाच पाकळ्या निघतात, पण त्या सारख्या नसतात आणि मागे वळलेल्या असतात. त्यांच्यामधून एक लांब, बाकदार दांडी बाहेर झेपावते. या दांडीच्या टोकाशी पुंकेसरांचा झुबका आणि त्याच्या आत अंडाशय, असे दोन्ही एकत्र असतात. म्हणजे फूल राहिले मागे आणि त्याचा कारभार चालतो पुढे, दांडीच्या टोकाला. पाकळ्या गळून गेल्यावर याच टोकाशी शेंग धरते, म्हणून ती लांब देठावर लोंबकळल्यासारखी दिसते. या शेंगेचे पाच भाग असतात. ते एकमेकांभोवती वळत वाढतात आणि पिळलेली दोरी तयार होते. लहानपणी ती हिरवी, लवदार असते; पुढे तपकिरी, मग काळपट.

फुलाची दुसरी गंमत रंगाची. ताजे फूल लाल. पण ते जुने होऊ लागले की लाली ओसरते आणि पाकळ्यांवर शिशासारखी निळसर राखी छटा चढते. एकाच फांदीवर लाल आणि राखी-निळी फुले शेजारी शेजारी दिसतात. नवख्या माणसाला वाटावे की दोन जातींचे कलम केले आहे. मुका मार लागलेल्या जागेचा रंग पाहून आपण इजा किती दिवसांची हे ठरवू पाहतो आणि बहुधा चुकतो. इथे मात्र रंगावरून फुलाचे वय बिनचूक कळते. लाल फुलावर जांभळा शिंजीर येतो. वाकड्या चोचीचा तो चिमुकला पक्षी मधासाठी फुलात तोंड घालतो, तेव्हा दांडीच्या टोकाचे पराग त्याच्या डोक्याला पुसले जातात. फुलाचा बाक आणि पक्ष्याची मान यांचा हा मेळ खिडकीतून पाहत बसलो की ओपीडीची वेळ टळते.

थोडे कुळाबद्दल. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. नावाचा पहिला भाग ग्रीक असून त्याचा रोख पिळाकडे आहे. दुसऱ्या भागाची कथा आपल्या किनाऱ्याची आहे. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला; १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापून निघाला. त्याच्या कामात केरळीय वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी विद्वानांचा वाटा होता. पहिल्या खंडात त्यांचे नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र छापलेले आहे. या ग्रंथात आपले झुडूप 'इसोरा-मुरी' या स्थानिक नावाने आले, आणि १७५३ मध्ये लिनियसने जातीचे नाव ठरवताना तेच उचलले. कुल पूर्वी स्टर्क्युलिएसी मानत. १९९८ नंतरच्या नव्या वर्गीकरणात ते माल्व्हेसीत, म्हणजे जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्या कुळात विलीन झाले. मुलांना सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे चॉकलेट ज्यापासून होते तो कोकोदेखील याच कुळातला.

प्रादेशिक नावांत सर्वत्र पीळच आहे. संस्कृतात आवर्तनी, हिंदीत मरोडफली, गुजरातीत मरडाशिंग. आपल्याकडे कन्नड भाषक पालक तिला एडमुरी म्हणतात. कानडीत 'एड' म्हणजे डावा, 'बल' म्हणजे उजवा; शेंगेचा पीळ ज्या बाजूचा असेल त्यावरून एडमुरी आणि बलमुरी. मलयाळम आणि तमिळमध्येही हाच डाव्या-उजव्याचा भेद नावात उतरला आहे. झुडूप मात्र एकच. जुन्या आज्या दोन्ही पिळांच्या शेंगा जोडीने ठेवतात आणि एकीचा गुण दुसरीत नाही असे बजावून सांगतात. आमच्या सीमाभागाला हे विशेष शोभते, एवढेच म्हणतो.

आता मूळ भांडणाकडे वळतो, कारण वाचकांत वैद्यकीय मंडळी आहेत आणि आज्याही आहेत. मुरुडशेंग पोटातल्या मुरड्यावर द्यायची, या समजुतीचा उगम बहुधा तिच्या रूपातच आहे. पोटात पीळ पडतो, शेंगेला पीळ आहे. म्हणून ही त्यावर औषध. रूपसाम्यावरून गुण ठरवण्याची ही रीत केवळ आपली नाही. युरोपातही अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून तो डोक्याच्या विकारांवर देत. केवळ एवढ्यावरून मात्र ती शेंग निरुपयोगी ठरत नाही. फळाच्या अर्काने प्राण्यांच्या आतड्याचे आकुंचन सैल पडते, असे प्रयोगशाळेतले अभ्यास प्रसिद्ध झालेले आहेत, आणि इंडोनेशियाच्या 'जामू' या परंपरागत औषधांतही हे फळ वापरतात. पण परीक्षानळीतला अर्क आणि दोन महिन्यांच्या बाळाच्या जिभेवरचा थेंब, यांत फार मोठे अंतर आहे.

घुटीची मात्रा वेढ्यांत मोजतात : या वस्तूचा एक वेढा, त्या वस्तूचे दोन. वेढा किती दाबाने, सहाण किती खरखरीत, शेंग जुनी की नवी, यावर बाळाच्या पोटात नेमके किती गेले हे अवलंबून. म्हणजे मात्रा कोणालाच ठाऊक नाही. शेजारचे वेखंड आणि जायफळ हे मुरुडशेंगेहून अधिक काळजीचे पदार्थ आहेत. वेखंडातील ॲसारोन हे द्रव्य विषारी ठरले आहे, आणि जायफळ जास्त पोटात गेले तर गुंगी आणते. 'घुटीने बाळ शांत झोपते' या वाक्याने आईला समाधान वाटते, डॉक्टरला वाटू नये. चाटणासाठी मध वापरला तर एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझमचा धोका असतो. आणि सर्वांच्या मुळाशी ते पाणी, ती ओलसर सहाण, ते घाईत धुतलेले बोट. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस आहे. तिला मी एकाही वेढ्याची सवलत देत नाही.

मग घुटीने गुण येतो असे पिढ्यान्‌पिढ्या का वाटत आले? त्याचे उत्तर बाळाच्या वेळापत्रकात आहे. निरोगी तान्ह्याचे संध्याकाळचे अनावर रडणे, ज्याला आपण पोटशूळ म्हणतो, ते साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. सहाव्या आठवड्यात जे काही सुरू करावे, त्याला तिसऱ्या महिन्यात यश येते. घुटीला येते, ग्राइप वॉटरला येते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या चिठ्ठीवरच्या थेंबांनाही येते. हे उमगल्यावर माझा आवाज खाली आला. आता मी आज्यांना कचरा म्हणत नाही. डबा पाहायला मागतो, एकेक वस्तू हाती घेऊन नाव विचारतो, मुरुडशेंग वेगळी काढतो आणि मोबाइलवर तिच्या फुलाचा फोटो दाखवतो. बहुतेक आज्यांनी ते फूल पाहिलेले नसते. त्यांच्या चेहऱ्यावरचे नवल ओसरण्याआधी मी सहा महिन्यांचा मुद्दा मांडतो. शेंग टाकायला सांगत नाही. ती डब्यात राहू द्या, बाळाच्या तोंडात नको, इतकेच मागणे. पूर्वीपेक्षा अधिक जणी ऐकतात.

राहिली लागवड. हे झुडूप बागेत लावण्याजोगे आहे, आणि आपल्या हवेला तर फारच. सह्याद्री, सातपुडा, विंध्य सगळीकडे ते आपसूक वाढते. दाट सदाहरित रानापेक्षा त्याला पानझडी रान, मोकळे उतार, शेताचे बांध मानवतात. जमीन निचऱ्याची हवी. तांबडी-जांभी उत्तम, काळ्या जमिनीत खड्डा घेऊन मुरूम आणि पालापाचोळ्याचे खत मिसळावे. ऊन भरपूर असेल तर फुले भरपूर. अर्ध्या सावलीत झुडूप जगते, पण उंच किडकिडीत होते आणि फुलायला कंजूषपणा करते.

रानातून रोप उपटून आणू नये, हे आधी सांगतो. रोपाचे मूळ खोल जाते आणि उपटलेले रोप बहुधा जगत नाही; शिवाय खानापूर तालुक्यातले बरेच रान राखीव आहे, आणि भीमगडला तर २०११ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. मालकीच्या बांधावरून, मालकाला विचारून, फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या पण पूर्ण न उकललेल्या शेंगा घ्याव्यात. शेंग हलकेच उलट पिळली की पाच भाग सुटतात आणि आत लहान, कोनदार, सुरकुतलेले काळपट बी मिळते. पुष्कळ शेंगा किडीने पोखरलेल्या निघतात, म्हणून गरजेच्या दुप्पट घ्याव्यात.

बी उगवण्यात मी पहिल्या वर्षी सपशेल नापास झालो. चाळीस बिया थेट मातीत टाकल्या, तीन उगवल्या. दोष बियांचा नव्हता. या बीचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. रानात ऊन-पाऊस-ऊन असे फेरे होऊन ते हळूहळू झिजते. बागेत ते काम आपण करायचे. सोपा उपाय असा : पाणी उकळून आचेवरून उतरवावे, त्यात बी टाकावे आणि त्याच पाण्यात निवू देऊन रात्रभर ठेवावे. सकाळी जे बी फुगलेले दिसेल ते पेरावे. जे फुगले नसेल ते बारीक सँडपेपरवर एका बाजूने चार-दोन वेळा घासावे, आतला फिकट भाग किंचित दिसू लागेपर्यंतच, आणि पुन्हा कोमट पाण्यात भिजवावे. हे काम चिकाटीचे आहे, पण ज्याने नवजात बालकाची शीर शोधली आहे त्याला ते जड जाऊ नये. दुसऱ्या वर्षी निम्म्याहून अधिक बी उगवले.

पेरणी मेअखेरीस पिशव्यांत करावी, बी अर्ध्या बोटाहून खोल नको. रोपे पहिल्या पावसाळ्यात पिशवीतच राहू द्यावीत. गोगलगायींना ही कोवळी पाने फार आवडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचाव्या लागतात. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे कायमच्या जागी लावावीत, दोन झुडपांत पाच-सहा फूट अंतर ठेवून. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. त्यानंतर पाण्याची आठवणही ठेवू नये. शिशिरात पाने झडतात तेव्हा झाड मेले असे समजून कोणी ते उपटतो. आमच्या माळ्याने एक असेच उपटले होते. नखाने साल खरवडून पाहावी. खाली हिरवे असेल तर वळवाच्या पहिल्या सरीबरोबर पालवी फुटते.

जागा नसेल तर दीड फुटाच्या कुंडीतही ते वाढते, पण कुंडीत फुले कमी. छाटणी हा या झुडपाचा आनंद आहे. शेंगा उतरवल्यावर एप्रिलमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटले की बुंध्यातून सरळ नवे फोक फुटतात आणि फुले या नव्या फुटीवरच, पानांच्या बगलेत येतात. रानातले लोक दोरीसाठी हेच करतात. वाख चांगला निघतो तो कोवळ्या सरळ फोकांचा. मुळांपासूनही धुमारे येतात, ते पावसाळ्यात मुळीसह अलग करून लावता येतात. फांदीच्या कलमांवर मात्र मी फार वेळ घालवला आणि हाती काही लागले नाही.

खत माफक. एका वर्षी मी रासायनिक खताचा डोस वाढवला तर पाने हत्तीच्या कानाएवढी झाली आणि फुले मोजून अकरा आली.

कीटकनाशक फवारू नये, अशी कळकळीची विनंती. पावसाळ्यात काही पानांची कड कापून वर दुमडलेली दिसते, जणू कोणी पानाचेच पाकीट केले आहे. त्या पाकिटात एक अळी असते. गोल्डन अँगल नावाच्या फुलपाखराची अळी मुरुडशेंगेच्या पानावर वाढते. झुडूप गेले तर तेही त्या बागेतून जाईल. पंख पसरून बसलेले हे तपकिरी-सोनेरी फुलपाखरू, पंखांवर काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक ठिपके, प्रथम पाहिले तेव्हा मला ते वाळके पान वाटले होते. पाच-पंचवीस पाने त्याला दिल्याने झुडपाचे काही बिघडत नाही.

माझ्या दवाखान्याच्या कुंपणाशी आज अशी चार झुडपे आहेत. पहिल्याला पेरल्यापासून तिसऱ्या पावसाळ्यात फूल आले. ज्या आजीने मला तो प्रश्न विचारला होता, तिला ते दाखवण्याचा योग आला नाही. मुलाचे वडील एकदा धाकट्याला घेऊन आले तेव्हा त्यांनी ते पाहिले, एक फोक वाकवून लवचिकपणा अजमावला आणि दोरी चांगली होईल असा अभिप्राय दिला. यंदा शेंगा भरपूर धरल्या आहेत. फाल्गुनात त्या उतरवून बी पाकिटात भरून ठेवीन. सभासदांपैकी ज्यांना हवे असेल त्यांनी संध्याकाळी ओपीडीनंतर यावे. सोबत सँडपेपरचा तुकडा मी देईन.